पाच जणांचं एक टेबल : इमारतीत मुरलेला कार्बन कमी करण्याची कामाची पद्धत

स्लॅबच्या आदल्या दिवशीचे फोन आठवून बघा. बिल्डर म्हणतो, "दहा दिवसांत पुढचा स्लॅब पाहिजे." ठेकेदार आरएमसी, म्हणजे तयार काँक्रीट पुरवणाऱ्या प्लांटला सांगतो, "ओपीसीच पाठवा, फ्लाय ॲश नको, सेंट्रिंग लवकर खोलायचंय." (ओपीसी म्हणजे साधं, निव्वळ पोर्टलँड सिमेंट; फ्लाय ॲश म्हणजे औष्णिक केंद्रातली राख; सेंट्रिंग म्हणजे काँक्रीट घट्ट होईपर्यंत धरून ठेवणारा साचा आणि टेकू.) पंप अडकू नये म्हणून साइटवर मुकादम ड्रममध्ये पाणी ओतणार, हे प्लांटच्या क्वालिटीवाल्याला अनुभवाने माहीत असतं. म्हणून तो घनमीटरमागे वीस-पंचवीस किलो सिमेंट वर धरतो. आरसीसी (सळई घातलेलं काँक्रीट) डिझाइन करणाऱ्या कन्सल्टंटच्या कानावर यातलं काहीच जात नाही. त्याच्या ड्रॉइंगवर मात्र जुन्या कामातून उचललेली 'किमान सिमेंट ४०० किलो' ही ओळ बसलेली असते.

यात कोणी चुकलेलं नाही, प्रत्येकाने आपापली बाजू सांभाळली आहे. पण या चार सांभाळण्यांची बेरीज म्हणजे इमारतीला नको असलेलं सिमेंट. ते सिमेंट कुठल्यातरी भट्टीत भाजून निघालेलं असतं आणि त्याचा धूर कधीच हवेत गेलेला असतो. इमारतीत राहायला जाण्याआधीच, तिच्या साहित्यापायी जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्याला इंग्रजीत 'एम्बॉडीड कार्बन' म्हणतात. मी इथे त्याला मुरलेला कार्बन म्हणेन, कारण नंतर सोलर लावून किंवा एलईडी बसवून तो परत काढता येत नाही.

हा कार्बन एकट्याला कमी करता येत नाही, असं मी ठामपणे म्हणतो. बिल्डरने ठरवलं पण कन्सल्टंटने मान्य केलं नाही, तर काम तिथेच थांबतं. कन्सल्टंटने मान्य केलं पण ठेकेदाराचं स्लॅबचं चक्र बदललं नाही, तर पहिल्याच उशिरानंतर सगळे ओपीसीवर परत येतात. म्हणून खालची पद्धत साहित्य निवडण्यापेक्षा माणसं एकत्र बसवण्याविषयी जास्त आहे. पुणे, नाशिक, ठाण्यासारख्या शहरांतल्या सात ते पंधरा मजली कामांचा विचार डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहे.

पहिली बैठक टेंडरच्या आधी

टेंडर निघाल्यावर बोलावलेल्या बैठकीचा उपयोग चहापुरता. तोवर दर ठरलेले असतात, आणि दर ठरले की प्रत्येक बदल 'एक्स्ट्रा आयटम' होतो. आर्किटेक्टचे प्लॅन पक्के होत असताना आणि आरसीसी डिझाइन सुरू होण्याच्या सुमारास ही बैठक घ्या. मालक किंवा बिल्डरचा निर्णय घेऊ शकणारा माणूस, आर्किटेक्ट, आरसीसी कन्सल्टंट, संभाव्य ठेकेदार आणि आरएमसी प्लांटचा क्वालिटी प्रमुख, असे पाच जण हवेत. प्लांटचा सेल्सवाला नको. तो सगळ्याला हो म्हणेल आणि मिक्स डिझाइन मात्र दुसराच कोणी करेल. पुनर्विकासाचं काम असेल तर सोसायटीच्या कमिटीतल्या एकाला आणि पीएमसीला (प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराला) बोलवा. सळईवाला दुसऱ्या बैठकीला चालेल.

या बैठकीत 'पर्यावरण' या विषयावर भाषण नको. एकच प्रश्न फळ्यावर लिहा : जास्तीचं सिमेंट आणि जास्तीचं लोखंड कोण, कुठे आणि कशाच्या भीतीने घालतो? पहिला अर्धा तास कोणी बोलणार नाही. मग प्लांटवाला पाण्याचा विषय काढेल, आणि पुढचे दोन तास कमी पडतील.

पाया आखा : आज आपण कुठे आहोत?

कार्बनचा हिशेब म्हणजे बीओक्यूला (कामाच्या बाबी आणि प्रमाणांच्या यादीला) जोडलेला आणखी एक रकाना. प्रमाण गुणिले गुणक, म्हणजे त्या मालाच्या एककामागचा कार्बन. हिशेबाची हद्द आधी ठरवा : कच्चा माल काढण्यापासून कारखान्याच्या गेटपर्यंत, गेटपासून साइटपर्यंतची वाहतूक आणि साइटवरचं डिझेल-वीज. आंतरराष्ट्रीय मानकांत यालाच ए-१ ते ए-५ असे टप्पे म्हणतात. सुरुवातीला सगळ्या वस्तू मोजत बसू नका. काँक्रीट, सळई, विटा किंवा ब्लॉक, ॲल्युमिनियम-काच आणि टाइल्स, एवढ्या पाच ओळी पुरेत. पहिल्या दोन ओळींतच हिशेबाचा मोठा हिस्सा संपतो.

गुणक कुठून आणायचे? पुरवठादाराकडे त्याच्या मालाचं ईपीडी, म्हणजे तिसऱ्या पक्षाने तपासलेलं पर्यावरण घोषणापत्र असेल तर तेच घ्या. नसेल तर जागतिक बँक गटातल्या आयएफसीने २०१७ मध्ये भारतीय बांधकाम साहित्यासाठी केलेला डेटाबेस आहे, तो वापरा. ज्या स्रोताने सुरुवात केली त्याच स्रोतावर शेवटपर्यंत राहा. मध्येच गुणक बदलला तर कागदावर बचत दिसते, भट्टीत होत नाही.

सिमेंटचाच गुणक इतका मोठा का, हे टेबलावरच्या प्रत्येकाला कळलं पाहिजे. चुनखडी तापवली की चुना उरतो आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातो. एक टन क्लिंकरमागे (दळून सिमेंट होतं त्या भट्टीतल्या खड्यांमागे) साधारण अर्धा टन वायू केवळ या रासायनिक क्रियेतून निघतो. भट्टीचा कोळसा वेगळाच. म्हणजे सिमेंट कंपनीने उद्या सगळी वीज सूर्यापासून घेतली तरी हा अर्धा टन तसाच राहतो. यावर आज हाताशी असलेला सगळ्यात खात्रीचा उपाय एकच, काँक्रीटमधलं क्लिंकर कमी करणं.

आकड्यांत बघू. एम-३० च्या (चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन ताकदीच्या काँक्रीटच्या) एका घनमीटरात ४०० किलो ओपीसी आहे आणि हिशेबासाठी किलोमागे ०.८५ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर ३४० किलो झाले. त्यातलं ३० टक्के सिमेंट काढून फ्लाय ॲश घातली तर ओपीसी उरतं २८० किलो, आणि आकडा येतो २३८. घनमीटरमागे सुमारे १०० किलो वाचले. इमारतीला ३,००० घनमीटर काँक्रीट लागणार असेल तर ही बचत ३०० टनांच्या घरात जाते.

साहित्याच्या आधी आकार

ही पायरी छोटी आहे, पण टाळू नका. पार्किंगसाठी कॉलम हलवले की वर ट्रान्सफर बीम (वरच्या कॉलमचा भार हलवलेल्या कॉलमवर नेणारे बीम) येतात, आणि एकेक ट्रान्सफर बीम कित्येक साध्या बीमांचं काँक्रीट आणि सळई खातो. आर्किटेक्ट आणि आरसीसी कन्सल्टंट यांनी पार्किंगचा आराखडा आणि वरच्या मजल्यांचे कॉलम एकाच कागदावर ठेवून एक दिवस घालवावा. बेसमेंट एक मजला कमी करता येईल का, हेही तिथेच विचारा. न ओतलेल्या काँक्रीटइतकं स्वच्छ काँक्रीट कुठलंच नाही. फी मात्र नीट ठरवा. कन्सल्टंटला चौरस फुटावर पैसे मिळतात, तीनदा डिझाइन करून दहा टक्के लोखंड वाचवल्याचे नाहीत. त्याच्या जास्तीच्या कामाचे वेगळे पैसे द्या.

काँक्रीट : खरी वाटाघाट इथे

इथे वेळ द्या. आधी काही गैरसमज दूर करावे लागतील.

पहिला गैरसमज 'किमान सिमेंट' या शब्दाचा. आयएस ४५६ : २००० या काँक्रीटच्या भारतीय कोडमध्ये मध्यम परिस्थितीत आरसीसीसाठी किमान एम-२५, ३०० किलो आणि पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५०, तीव्र परिस्थितीत एम-३०, ३२० किलो आणि ०.४५ असं दिलेलं आहे. या दोन्हींत ४०० नाही. शिवाय त्या किलोंमध्ये फ्लाय ॲश आणि स्लॅग (पोलादाच्या झोतभट्टीतली मळी) धरता येतात. अट एवढीच, की त्यांचं प्रमाण पीपीसी आणि पीएससी या मिश्र सिमेंटांच्या मानकांतल्या मर्यादेत हवं. पीपीसीत फ्लाय ॲश ३५ टक्क्यांपर्यंत चालते, पीएससीत स्लॅग ७० टक्क्यांपर्यंत. कन्सल्टंटसमोर कोड उघडून ही टीप सगळ्यांनी मिळून वाचा. मग ड्रॉइंगवरच्या नोट्स आणि टेंडरमधली 'फक्त ओपीसी ५३ ग्रेड' ही ओळ काढून तिथे ताकद, टिकाऊपणा, स्लम्प (ओल्या काँक्रीटचा पातळपणा) आणि किती दिवसांत किती ताकद हवी, एवढंच लिहा. मिश्रण कसं करायचं ते प्लांटला ठरवू द्या.

दुसरा मुद्दा ताकदीच्या राखीव फरकाचा. एम-३० साठी प्लांट ३० न्यूटनवर डिझाइन करत नाही. आकडेवारी नसेल तर स्टँडर्ड डेव्हिएशन (निकालांतला चढउतार) ५ धरून ३० अधिक १.६५ गुणिले ५, म्हणजे ३८.२५ धरतो. ज्या प्लांटकडे किमान ३० नमुन्यांचे स्वतःचे चांगले निकाल आहेत, त्याला हा फरक कमी धरता येतो. निकाल चांगले यायचे तर साइटवर पाणी ओतणं बंद झालं पाहिजे. इथे मुकादम आणि प्लांट यांच्यात करार हवा : पंपासाठी लागणारा स्लम्प आधीच ठरवायचा, ट्रॅफिकमध्ये गाडी अडकून स्लम्प पडला तर प्लांटचा माणूस साइटवर सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता काँक्रीट पातळ करणारं रसायन) घालेल, आणि पाण्याच्या पाइपला कोणी हात लावणार नाही. हा करार पाळला गेला तर ते वर धरलेले वीस-पंचवीस किलो फुकटात वाचतात. मला ही सगळ्यात आवडती बचत वाटते, कारण तिच्यासाठी एक रुपयाचंही नवं साहित्य लागत नाही.

तिसरा, आणि सगळ्यात चिवट मुद्दा : सेंट्रिंग कधी खोलायचं? फ्लाय ॲश आणि स्लॅगचं काँक्रीट शेवटी चांगली ताकद घेतं, पण सुरुवातीला सावकाश. पुण्या-नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीतल्या थंड रात्री ते आणखी मंदावतं. म्हणून सगळीकडे एकच मिश्रण लावू नका, इमारतीचे भाग पाडा.

राफ्ट (पायाचा सलग जाड स्लॅब), पाइल कॅप, रिटेनिंग वॉल यांना घाई नसते. तिथे ५० टक्के किंवा त्याहून जास्त स्लॅग घालता येतो. उलट जाड राफ्टमध्ये उष्णता कमी निर्माण झाल्याने तडे कमी पडतात. कन्सल्टंटची तयारी असेल तर इथे ताकदीची कसोटी २८ ऐवजी ५६ दिवसांवर ठेवण्याविषयी लेखी ठरवा. कॉलमच्या बाजू तर एका दिवसात खुलतातच, तिथे मध्यम प्रमाण चालतं. खरा प्रश्न उरतो तो स्लॅब आणि बीमचा.

आयएस ४५६ प्रमाणे स्लॅबची पत्रे-प्लाय तीन दिवसांनी काढता येतात, मात्र टेकू लगेच परत लावावे लागतात. टेकू काढायला ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४. बीमखाली ६ मीटरपर्यंत १४ आणि पुढे २१ दिवस. हे दिवस ओपीसीचे. दुसऱ्या सिमेंटसाठी ते बदलावे लागतात, आणि मूळ कसोटी अशी की खोलताना काँक्रीटने त्या वेळच्या ताणाच्या किमान दुप्पट ताकद घेतलेली असावी. म्हणून कॅलेंडर मोजण्याऐवजी क्यूब (काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे) मोजा. दर स्लॅबला चार-सहा क्यूब जास्तीचे भरा, टाकीत न ठेवता स्लॅबवरच ठेवा, स्लॅबसारखंच पाणी मारा, आणि खोलण्याआधी ते फोडून बघा. निर्णय कन्सल्टंटच्या सहीने व्हावा.

तरीही दोन-तीन दिवस जास्त लागले तर? त्यावर टेकूंचा एक जादा संच हा उत्तम उपाय आहे. त्याचं भाडं कोणी भरायचं, हे पहिल्याच बैठकीत लिहून घ्या. माझ्या माहितीतल्या एका कामावर ते न ठरल्यामुळे तिसऱ्या स्लॅबनंतर ठेकेदाराने परत शुद्ध ओपीसी मागवलं, आणि त्याची चूक होती असं मी म्हणू शकत नाही. उशिराचा दंड त्याच्या करारात होता, कार्बनचा उल्लेख कुणाच्याच करारात नव्हता. ॲल्युमिनियम फॉर्मवर्कच्या कामात दुसऱ्याच दिवशी साचा सोडवायचा असतो. तिथे स्लॅबमध्ये बदलीचं, म्हणजे ओपीसीच्या जागी घातलेल्या फ्लाय ॲश-स्लॅगचं प्रमाण कमी ठेवा आणि बचत राफ्टमध्ये मिळवा.

ट्रायल मिक्स किमान तीन करा : ओपीसीचं मूळ, मध्यम बदली आणि जास्त बदली. ३, ७, २८ आणि ५६ दिवसांचे निकाल हवेत, म्हणजे खोदाई सुरू होण्यापूर्वीच ट्रायल व्हायला हव्यात. प्लांटला विचारून घ्या की तो आधीच पीपीसी वापरतोय का. पीपीसीत वरून आणखी फ्लाय ॲश घालण्याचा प्रकार होतो, आणि मग खरं प्रमाण किती हे कुणालाच सांगता येत नाही. ओपीसी घेऊन बदली प्लांटमध्ये मोजूनच करायची. फ्लाय ॲश आयएस ३८१२ ची आणि स्लॅग आयएस १६७१४ चा, दोन्हींची प्रमाणपत्रं दर खेपेला हवीत.

माल जवळच मिळतो. फ्लाय ॲशसाठी एकलहरे, भुसावळ, कोराडी, चंद्रपूर, परळी अशी औष्णिक केंद्रं आहेत. स्लॅग पोलादाच्या झोतभट्टीतून येतो, आणि कोकणात डोलवीला तशी भट्टी आहे. मुंबई-रायगडच्या खाऱ्या हवेत तर स्लॅगचं काँक्रीट क्लोराइडला जास्त चांगलं अडवतं, त्यामुळे किनाऱ्यावर हा बदल सळईच्या आयुष्यासाठीही करण्यासारखा आहे. एलसी-३ या नव्या सिमेंटचीही चौकशी करा. भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी वापरून त्यात क्लिंकर निम्म्यावर आणलेलं असतं. स्वित्झर्लंडची ईपीएफएल, आयआयटी दिल्ली, आयआयटी मद्रास आणि क्यूबातलं विद्यापीठ यांनी मिळून ते घडवलं, आणि भारतीय मानक आयएस १८१८९ हे २०२३ मध्ये आलं.

एक इशारा जीव तोडून देतो. बदलीचं काँक्रीट पाण्याशिवाय सोडलं तर वरचा थर कच्चा राहतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत लवकर शिरतो आणि सळई गंजायला लागते. कोड ओपीसीला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान १० दिवस क्युरिंग सांगतो; कोरड्या उन्हाळ्यात १४ दिवस धरा. पाणी मारणाऱ्या माणसाची मजुरी ठेकेदाराच्या दरात गृहीत धरू नका, बीओक्यूत तिची वेगळी ओळ करा. कव्हर ब्लॉकही (सळई साच्यापासून दूर धरणारे ठोकळे) मोजून बसवा. हे होणार नसेल तर जास्त बदली करू नका.

सळई : जालन्याला विचारायचे प्रश्न

महाराष्ट्रातल्या कितीतरी साइटवर जालन्याची सळई येते. तिथल्या इंडक्शन भट्ट्यांत भंगार आणि स्पंज आयर्न (खनिजापासून न वितळवता केलेलं लोखंड) यांचं मिश्रण वितळतं. भंगारातून आलेल्या लोखंडाचा कार्बन कमी, कोळशावर केलेल्या स्पंज आयर्नचा बराच जास्त. म्हणून मिलला तीन प्रश्न लेखी विचारा : भंगार किती टक्के, स्पंज आयर्न कुठल्या इंधनावरचं, आणि वीज कुठून घेता? उत्तर न देणारी मिल यादीत खाली टाका.

पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली. टनामागे २.२ टनांहून कमी उत्सर्जन असेल तर ते पोलाद हरित. १.६ च्या खाली पाच तारे, १.६ ते २.० चार तारे, २.० ते २.२ तीन तारे. प्रमाणपत्राचं काम एनआयएसएसटी या संस्थेकडे आहे. ३०० टन सळईत २.६ च्या जागी २.० ची मिळाली तर १८० टन वाचतात. पण आयएस १७८६ चे टेस्ट सर्टिफिकेट आणि स्वतंत्र प्रयोगशाळेची चाचणी आधी. ताऱ्यांसाठी ताकदीत तडजोड नको.

साइटवर सळईचे तुकडे किती पडतात ते महिनाभर वजन करून बघा. बार बेंडिंग शेड्यूल (सळई कापण्या-वाकवण्याचा तक्ता) कन्सल्टंटने १२ मीटरच्या लांबीचा विचार करून केलं, किंवा कारखान्यातून कापून-वाकवून आलेली सळई (कट-अँड-बेंड) घेतली, तर भंगाराचा ढीग दिसण्याइतका कमी होतो.

बाकीचं थोडक्यात

भिंतींना फ्लाय ॲश विटा किंवा एएसी ब्लॉक (आत हवेच्या पोकळ्या असलेले ब्लॉक) घेणार असाल तर कन्सल्टंटला सांगा आणि वजन घटतं का ते विचारा. एएसी हलके असल्याने पाया आणि सळईही कमी होऊ शकते, पण डिझाइनच्या आधी कळलं तरच. 'जवळचा माल म्हणजे कमी कार्बन' हे खडी-वाळूच्या बाबतीत खरं, सिमेंट-सळईच्या बाबतीत नेहमी नाही. तिथे वाहतुकीपेक्षा भट्टीचा वाटा फार मोठा असतो. पुनर्विकासात जुनी इमारत पाडताना काँक्रीट, विटा, माती वेगवेगळं पाडायला सांगा. आयएस ३८३ : २०१६ नुसार पुनर्वापराची काँक्रीट खडी पीसीसीत (सळई नसलेल्या काँक्रीटमध्ये) २५ टक्के, आरसीसीत एम-२५ पर्यंत २० टक्के, आणि एम-१५ च्या खालच्या काँक्रीटमध्ये पूर्ण १०० टक्के चालते.

एकट्या बिल्डरचं प्लांट ऐकत नाही तेव्हा

महिन्याला दोनशे घनमीटर घेणाऱ्यासाठी कोणताही प्लांट स्लॅगचा वेगळा सायलो उभारणार नाही. त्याच प्लांटच्या परिसरातल्या सहा-सात बिल्डरांनी सारखीच मागणी केली तर उभारेल. जगात मोठ्या पातळीवर हेच चाललं आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'काँक्रीटझीरो'त खरेदीदार कंपन्या २०३० पर्यंत निम्मं काँक्रीट कमी उत्सर्जनाचं घेण्याची बांधिलकी स्वीकारतात. आपल्याकडे शहरातल्या क्रेडाई या बिल्डरांच्या संघटनेच्या किंवा बिल्डर्स असोसिएशनच्या शाखेत तीन कागदांपासून सुरुवात करता येते : टेंडरसाठी सामाईक तांत्रिक मजकूर, पुरवठादाराला पाठवायची सामाईक प्रश्नावली, आणि ट्रायल मिक्सच्या निकालांची सामाईक वही.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. अशा बैठकीत दर, सवलती, कोण कुणाला किती माल देणार, हे विषय उच्चारायचे नाहीत. स्पर्धा कायदा २००२ मध्ये संगनमताला जागा नाही, आणि जून २०१२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने सिमेंट कंपन्यांना ६,००० कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला होता. बैठकीची विषयपत्रिका आधी वकिलाला दाखवा, इतिवृत्त लिहा, दराची बोलणी प्रत्येकाने आपापल्या कार्यालयात करावी.

ठरलं तसं झालं का?

दर गाडीबरोबर चलान येतं, बॅच रिपोर्ट येत नाही. तो मागा. त्यात ओपीसी, फ्लाय ॲश, स्लॅग, पाणी, ॲडमिक्स्चर सगळं किलोत छापलेलं असतं. महिन्याच्या बिलाबरोबर बॅच रिपोर्टची एक्सेल फाइल जोडल्याशिवाय बिल पास करायचं नाही, अशी ओळ वर्क ऑर्डरमध्ये घाला. साइट इंजिनिअरने तोच आकडा कार्बनच्या रकान्यात भरायचा. दर तिसऱ्या स्लॅबनंतर पाचही जणांनी अर्धा तास बसून क्यूबचे निकाल, खोलण्याचे दिवस आणि बॅच रिपोर्ट शेजारी-शेजारी ठेवून बघावेत. ताकद सतत भरपूर जास्त येत असेल तर पुढच्या तीन स्लॅबना मिश्रणातलं सिमेंट थोडं कमी करा. एकदाही कमी आली तर आधी क्युरिंग आणि पाणी तपासा, मग मिश्रण.

काम संपल्यावर ती फाइल कपाटात ठेवू नका. कन्सल्टंटला, प्लांटला आणि असोसिएशनच्या वहीसाठी एकेक प्रत द्या. पुढच्या कामाच्या पहिल्या बैठकीत प्लांटवाला गप्प बसला, तर बोलायला सुरुवात याच फाइलने करता येते.